गाव ‘जोडलेलं’, घर नाही: आमच्या फायबर कनेक्शनने शिकवलेलं मोजमाप



संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला हमखास एक प्रश्न विचारतात. "ताई, व्हेरिएबलची व्याख्या एवढी काटेकोर कशाला करायची? इंटरनेट आहे म्हणजे आहे, नाही म्हणजे नाही. त्यात काय एवढं?" आज याचं उत्तर पुस्तकातून न देता आमच्या घरी फायबर कसं आलं, त्या गोष्टीतून देते. कारण हा धडा मी स्वतः चूक करून शिकले, आणि ती चूक माझ्या प्रपोजलमध्ये जवळपास वर्षभर बसून होती.

माझा विषय आहे ग्रामीण भागातली इंटरनेट जोडणी आणि मुलींचं बारावीनंतरचं शिक्षण. सुरुवातीला माझ्याकडे एक साधी एक्सेल शीट होती. प्रत्येक ओळीत एक ग्रामपंचायत, आणि एका कॉलममध्ये फायबर पोहोचलं असेल तर १, नसेल तर ०. ही माहिती सरकारी यादीतून घेतलेली. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि त्याच्यापुढे होता १.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी काही महिने गावी राहायला आले. तेवढ्यात सहामाही प्रगतीचं सादरीकरण आलं, तेही ऑनलाइन. पावसाळ्याचे दिवस, घरात मोबाईलला रेंजची एक काडी, तीही पडवीच्या एका कोपऱ्यात. म्हणून लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी सड्यावर गेले, एका हातात छत्री धरली आणि सादरीकरण सुरू केलं. चौथ्या स्लाइडला आवाज तुटायला लागला, सहाव्या स्लाइडला सगळंच बंद पडलं. संध्याकाळी गाईड मॅडमचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुझ्या शीटमध्ये तुझ्या गावापुढे काय लिहिलंय गं?"

"एक, मॅडम."

"मग तू सड्यावर काय करत होतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्याच डेटामध्ये माझंच घर चुकीचं नोंदलं गेलं होतं, आणि तरी यादी खोटी नव्हती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर खरोखरच गेलेलं आहे. चुकीचं होतं ते माझं गृहीतक. ग्रामपंचायतीपुढे १ आहे म्हणजे तिथल्या मुलीला घरी अभ्यासाला नेट आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. पुढचे तीन महिने घरी फायबर आणण्याच्या खटपटीत गेले, आणि त्या काळात हा १ कुठे कुठे तुटतो ते मला टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

आधी थोडं फायबरविषयी

फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. तारेच्या गाभ्याची काच आणि भोवतीची काच यांच्या गुणधर्मात थोडा फरक असतो. त्यामुळे कडेला पोहोचलेला प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत परततो आणि असाच पुढे सरकत राहतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, दहावीला आपण सगळ्यांनीच शिकलेलं.

अडचण अशी की काच प्रकाश खाते. १९६० च्या दशकात उपलब्ध असलेल्या काचेत एका किलोमीटरमध्ये १००० डेसिबलच्या आसपास प्रकाश हरवत असे, म्हणजे पलीकडे काहीच पोहोचत नसे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी ब्रिटनमधल्या प्रयोगशाळेत काम करताना असं मांडलं की, दोष काचेच्या मूळ स्वभावाचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, आणि नुकसान किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणलं तर संदेशवहन शक्य आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा ओलांडून दाखवली. काओ यांना या कामासाठी २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डेसिबलचा हिशेब एकदा समजून घ्या, पुढे लागणार आहे. ३ डेसिबल नुकसान म्हणजे प्रकाश अर्धा उरला. १० डेसिबल म्हणजे दहावा भाग, २० डेसिबल म्हणजे शंभरावा भाग. आजच्या चांगल्या फायबरमध्ये योग्य तरंगलांबीला हे नुकसान किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे प्रकाश अर्धा व्हायला साधारण १५ किलोमीटर लागतात. तेव्हा तालुक्याहून गावाला प्रकाश पाठवणं ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

टप्पा पहिला: तालुका ते ग्रामपंचायत

२५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या योजनेला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, हे तिचं उद्दिष्ट. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने चालतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, त्यासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची तरतूद केली.

संशोधक म्हणून इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मूळ योजनेचं एकक होतं ग्रामपंचायत. त्यामुळे तिच्या यशाची मोजणीही ग्रामपंचायतीतच होणार, आणि ते रास्तच आहे. ज्याने काम केलं तो आपल्या कामाचीच नोंद ठेवणार. ती नोंद उचलून आपण आपल्या वेगळ्या प्रश्नाला चिकटवली, तर दोष नोंदीचा नाही, आपला आहे.

दुसरी गोष्ट जोडणीच्या आकाराची. सुरुवातीच्या टप्प्यात जोडणी बरीचशी एका रेषेत होती, तालुक्यापासून एकामागोमाग एक ग्रामपंचायती. अशा रचनेत मधे कुठे जेसीबीने केबल तोडली तर पुढच्या सगळ्यांचं नेट जातं. सुधारित कार्यक्रमात म्हणून रिंग रचना धरली आहे. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते. पण '१ किंवा ०' च्या कॉलममध्ये रेषेच्या शेवटची ग्रामपंचायत आणि रिंगमधली ग्रामपंचायत दोघीही १ च दिसतात.

टप्पा दुसरा: ग्रामपंचायत ते वाडी

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. कोकणात गाव एका ठिकाणी वसलेलं नसतं. एका महसुली गावात आठ-दहा वाड्या असतात, मधे सडा, रान, बागा आणि पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढे. कधी दोन-तीन महसुली गावांची मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत असते. आमची वाडी ग्रामपंचायत कार्यालयापासून रस्त्याने तीन किलोमीटरवर आहे. जनगणनेच्या यादीत गावाला कोड असतो, वाडीला नसतो. माझ्या शीटमध्ये वाडी नव्हतीच, कारण ज्या यादीवरून शीट बनवली तिच्यातही ती नव्हती.

मी बाजारपेठेतल्या केबलवाल्या दादांकडे गेले. त्यांचं नेट बाजारपेठेत आणि आमच्या शेजारच्या वाडीपर्यंत चालू होतं. ते म्हणाले, "ताई, तुमच्या एकट्या घरासाठी दीड किलोमीटर केबल ओढून मला परवडणार नाही. पाच घरं द्या, आणतो." जमिनीखालून नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. जांभा दगड खोदायचा खर्च केबलच्या कितीतरी पट होतो. म्हणून केबल खांबांवरून आणि काही ठिकाणी बांबू उभे करून आणायची ठरली.

मग मी आणि अप्पा वाडीतल्या १७ घरी फिरलो. खरं सांगते, संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी दिवस तेच होते. एका काकूंचा मुलगा मुंबईला असतो, त्यांना व्हिडिओ कॉल हवा होता, पैसे मुलगा भरणार होता. निवृत्त गुरुजी लगेच तयार झाले. तीन घरं वर्षातले दहा महिने बंदच असतात, माणसं गणपतीला आणि मे महिन्यात येतात. दोघांनी सांगितलं, "मोबाईलचा रिचार्ज आहे तो पुरतो." एका काकांनी नेट घेतलं नाहीच, वर केबलला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की केबल कलमांवरून गेली तर आंबे काढताना काठीने तुटणार आणि मग दोष त्यांच्या माथी येणार. त्यांचं चुकीचं नव्हतं. केबल बागेला वळसा घालून न्यायचं ठरलं. शेवटी सहा घरं झाली.

पण पऱ्याच्या पलीकडे आमच्याच वाडीची चार घरं आहेत. तिथे जायला साकव आहे, विजेचा खांब मात्र खूप लांबून जातो. त्या चारपैकी एकच घर नेट घ्यायला तयार होतं. तिथली मुलगी तेव्हा बारावीत होती. एका घरासाठी पऱ्या ओलांडून केबल न्यायला दादा तयार झाले नाहीत.

आता माझ्या कॉलमकडे बघा. ग्रामपंचायतीपुढे १. त्याच ग्रामपंचायतीत बाजारपेठेत नेट आहे, आमच्या वाडीत सहा घरांत आहे, पलीकडच्या चार घरांत नाही. आणि माझा अभ्यास बारावीच्या मुलींचा! समूहाच्या पातळीवरची माहिती घेऊन तिच्यावरून त्यातल्या एकेका व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणं, या चुकीला संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. नेटच्या परीक्षेसाठी ही व्याख्या मी पाठ केली होती. ती चूक मी करते आहे, हे मात्र वाडीत फिरल्यावर कळलं.

टप्पा तिसरा: खांबावरची पेटी ते घर

घरगुती फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत असते. ऑपरेटरकडच्या यंत्रातून एक तार निघते आणि वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत तिचे फाटे फुटतात, चार, आठ, बत्तीस. या डबीला वीज लागत नाही, ती फक्त प्रकाश वाटून देते. एका तारेवर सगळ्यांना मिळून येताना सुमारे २.५ जीबीपीएस आणि जाताना सुमारे १.२५ जीबीपीएस एवढी क्षमता असते. बत्तीस घरांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला येताना सुमारे ७८ एमबीपीएस येतील. एरवी सगळे एकदम वापरत नाहीत, म्हणून १०० किंवा त्याहून मोठे प्लॅन विकता येतात.

प्रकाश वाटला की कमी होतो. घरी किती पोहोचेल याचा हिशेब आधी कागदावर मांडता येतो. दादांच्या जोडणीचा मी मांडलेला अंदाज असा होता:

सुरुवातीचा प्रकाश: अधिक ३ डीबीएम
९ किलोमीटर फायबर, किलोमीटरला जास्तीत जास्त ०.३५ धरून: वजा ३.१५
चार फाट्यांचा स्प्लिटर: वजा ७
आठ फाट्यांचा स्प्लिटर: वजा १०.५
आठ जॉइंट, प्रत्येकी ०.१: वजा ०.८
चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५: वजा २
घरी अपेक्षित: सुमारे वजा २०.५ डीबीएम

घरातल्या यंत्राला नेहमीच्या प्रकारात वजा २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. म्हणजे आमच्याकडे साडेसहा डेसिबलची सवड होती. बघा, सगळ्यात जास्त नुकसान अंतराने होत नाही, वाटणीने होतं.

जोडणीच्या दिवशी टेक्निशियन मुलगा आला. तारेची टोकं साफ करून त्याने मशीनमध्ये जॉइंट मारला, भिंतीवर छोटी पेटी बसवली, पेटीतून पांढऱ्या पॅचकॉर्डने तार यंत्रापर्यंत आणली. यंत्रावर लाल दिवा लागला. मीटर लावून तो म्हणाला, "ताई, पॉवर मायनस अठ्ठावीस येतोय. खांबावरचा जॉइंट परत मारायला लागेल." बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि तो शिडी घेऊन निघालाही.

मी त्याला म्हटलं, "दादा, थांब जरा. खांबावरच्या पेटीत किती होता?" तो मघाशी त्याने मोजलाच होता, वजा १९.८. मग भिंतीवरच्या पेटीत मोजलं, वजा २०.३. पॅचकॉर्डच्या टोकाला मोजलं, वजा २८.१. म्हणजे दीड किलोमीटर खांबांवरून आलेली केबल निर्दोष होती, आणि दोन मीटरच्या पॅचकॉर्डमध्ये ७.८ डेसिबल जात होते. सहापट प्रकाश तिथे हरवत होता! त्याने खिशातून लाल लाइटचा पेन काढून पॅचकॉर्डच्या एका टोकाला लावला. कपाटाच्या मागे, जिथे ती वायर खिळ्याला करकचून वळवलेली होती, तिथे लाल ठिपका चमकला. वायर इतकी वाकली की प्रकाश परावर्तन होण्याऐवजी बाहेर पडतो. वळण सैल केलं, मीटर वजा २०.६ वर आला, लाल दिवा विझला आणि हिरवा लागला.

अप्पा म्हणाले, "म्हणजे सगळं ठीक होतं, आपल्या कपाटामागेच अडलेलं."

यातून मी घेतलेला धडा सरळ आहे. शेवटी चुकीचा आकडा आला म्हणून सगळं पुन्हा करू नका. मधल्या प्रत्येक टप्प्यावर मोजा, म्हणजे चूक कोणत्या दोन बिंदूंच्या मधे आहे ते कळेल. आणि मोजण्याआधी अपेक्षित आकडा कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे वजा २०.५ लिहिलेलं नसतं तर खांबावरचे वजा १९.८ चांगले की वाईट, हे मला सांगता आलं नसतं. डेटा विश्लेषणात हेच करायचं असतं. मूळ फॉर्म, एन्ट्री केलेली शीट, साफ केलेली शीट, अंतिम तक्ता, प्रत्येक ठिकाणी ओळी मोजा. ४०० फॉर्मचे अंतिम तक्त्यात ३४० झाले असतील, तर ६० कुठे गेले ते टप्प्यावरच सापडतं.

टप्पा चौथा: दिवा हिरवा, पण नेट किती?

आता घरापुढे १ लिहायला हरकत नव्हती. पण कशाचा १?

भारतात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या बदलत आली आहे. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, नंतर ५१२ केबीपीएस, आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. म्हणजे १ एमबीपीएसची एखादी जुनी लाइन २०२२ मध्ये ब्रॉडबँड होती आणि २०२३ मध्ये नाही, तिच्यात काहीही बदल न होता. दहा वर्षांचे आकडे एका आलेखावर मांडणाऱ्या प्रत्येकाने आधी हे तपासायला हवं.

मोठ्या पाहण्यांचंही तसंच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के घरांत इंटरनेट सुविधा आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. हे आकडे शेजारी ठेवून "इंटरनेट वाढलं" असं लिहिलेले निबंध मी वाचले आहेत. पण पहिला प्रश्न घराला विचारलाय आणि दुसरा व्यक्तीला. पहिला सुविधेविषयी आहे, दुसरा आयुष्यात एकदा तरी वापरण्याविषयी. पहिला आकडा फक्त ग्रामीण, दुसरा शहर-गाव मिळून. दोन्ही पाहण्या उत्तम आहेत, त्यांची वजाबाकी मात्र निरर्थक आहे.

स्पीड टेस्टचीही तीच गत. वायफायवर, दोन भिंतींपलीकडे बसून केलेली टेस्ट तुमच्या भिंती मोजते, फायबर नाही. लाइन मोजायची तर लॅपटॉप केबलने थेट यंत्राला जोडा. कुठल्या सर्व्हरशी टेस्ट झाली, किती वाजता, बाकी कोण नेट वापरत होतं, हेही लिहून ठेवा. आणि ऑनलाइन सादरीकरणाला डाउनलोडपेक्षा अपलोड, दिरंगाई आणि सातत्य जास्त महत्त्वाचं. माझं सड्यावरचं सादरीकरण बंद पडलं ते वेग कमी होता म्हणून कमी आणि रेंज येत-जात होती म्हणून जास्त.

सातत्याचा हिशेब बघा. एखादी सेवा वर्षात ९९ टक्के वेळ चालू होती, हे ऐकायला छान वाटतं. पण वर्षाचे ८७६० तास, त्यातला १ टक्का म्हणजे सुमारे ८८ तास, साडेतीन दिवसांहून जास्त. हे ८८ तास वर्षभर थोडेथोडे विखुरलेले असतील तर कुणाला कळणारही नाही. ते सलग असतील आणि नेमके परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात आले, तर एका मुलीचं वर्ष जाऊ शकतं. सरासरीत हे दिसत नाही. आमच्याकडे वारा आला की वीज जाते. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण ऑपरेटरच्या आणि आमच्या अशा दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. घरचा राउटर इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा कुठे वीज गेल्यावरही नेट टिकायला लागलं.

आणि उत्तर देतंय कोण?

एक शेवटची चूक कबूल करते. प्रपोजलमध्ये मी लिहिलं होतं, "मुलींना इंटरनेटच्या कोणत्या अडचणी येतात, हे ऑनलाइन फॉर्मद्वारे जाणून घेतलं जाईल." पऱ्याच्या पलीकडची मुलगी हा फॉर्म कशी भरणार? ज्यांची अडचण सर्वांत मोठी, त्याच नमुन्यातून गळणार, आणि माझा निष्कर्ष निघणार की अडचणी फारशा नाहीत. अशी गळती योगायोगाने होत नाही. ती आपण जे मोजतो आहोत त्याच कारणाने होते, म्हणून फॉर्मची संख्या वाढवून ती भरून निघत नाही. तिला भेटायला साकव ओलांडूनच जावं लागतं.

प्रपोजलमध्ये काय बदललं

पुढच्या सादरीकरणाला माझी शीट वेगळी होती. एका कॉलमच्या जागी पाच कॉलम आले: ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आहे का, वाडीपर्यंत आहे का, घरात कनेक्शन आहे का, मागच्या ३० दिवसांत किती दिवस बंद होतं, आणि मुलीला स्वतःच्या अभ्यासासाठी रोज किती वेळ मिळतं. शेवटचा कॉलम आमच्या शेजारच्या घराने सुचवला. तिथे नेट आहे, पण फोन भावाकडे असतो. ग्रामपंचायतींची संख्या मी बरीच कमी केली, कारण आता घरोघरी जायचं आहे. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "नमुना लहान झाला, हरकत नाही का?" मी म्हटलं, "सर, आधीचा मोठा होता, पण तो ग्रामपंचायतींचा होता. माझा प्रश्न मुलींचा आहे." हे सादरीकरण मी घरातूनच केलं. एकदाही तुटलं नाही.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर तुमच्या मुख्य व्हेरिएबलसमोर हे चार प्रश्न लिहून बघा. हे कोणाविषयी आहे: व्यक्ती, घर, वाडी की गाव? हे साखळीच्या कोणत्या बिंदूवर मोजलंय? कधी आणि किती काळासाठी मोजलंय? आणि मूळ नोंद कोणी, कोणत्या कामासाठी ठेवली होती? चारपैकी एकाचंही उत्तर तुमच्या संशोधन प्रश्नाशी जुळत नसेल, तर आकडेमोड सुरू करण्याआधी थांबा.

आणि मग तुमच्या यादीतली एक ओळ निवडा आणि त्या ठिकाणी स्वतः जाऊन या. शक्य असेल तर स्वतःच्या गावाचीच निवडा.

पऱ्याच्या पलीकडची ती मुलगी बारावी झाली. कॉलेज प्रवेशाचा फॉर्म तिने आमच्या पडवीत बसून भरला, दोन संध्याकाळी. तिच्या घरी अजून फायबर नाही. दादा म्हणतात, साकवाच्या बाजूने खांब आला तर बघू. माझ्या नव्या शीटमध्ये तिच्या ओळीत पहिल्या दोन कॉलममध्ये १ आहे, तिसऱ्यात ०. जुन्या शीटमध्ये ती ओळच नव्हती.